तीन महिने झाले, गाडी गॅरेजात आणि फिटर फोन उचलत नाही. आता पंप उतरवलाय म्हणे

एकच_गाडी:
नमस्कार मंडळी, मोठं लिहितोय, सांभाळून घ्या, डोकं फिरलंय. माझी एकच मालाची गाडी आहे, सहा सिलिंडर, कॉमन रेल डिझेल, साडेपाच लाख किलोमीटर झालेत, इंजिन अजून खोललेलं नाही. तीन महिन्यांपूर्वी तक्रार एवढीच होती की रिकामी गाडी मस्त पळायची पण लोड टाकून चढाला लागली की ओढच नाही, जिथे एक गिअर खाली टाकून भागायचं तिथे दोन-दोन खाली टाकायला लागायचे, थोडा काळा धूर, आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबला की केबिनखालून फुस्स असा आवाज. सेल्फ एका झटक्यात लागायचा, ऑइल खात नव्हती, पाणी कमी होत नव्हतं.

फिटर ओळखीतलाच, आधी ब्रेक-क्लचची कामं चांगली केलेली त्याने, म्हणून डोळे झाकून गाडी दिली. आधी म्हणाला डिझेल फिल्टर, बदलला, काही फरक नाही. मग म्हणाला डिझेल फवारणारे नोझल गेलेत सहाच्या सहा, आठवडा लागेल. आठवड्याचे तीन आठवडे झाले. नोझल टाकले म्हणाला, ट्रायल घेतली तर तेच. मग टर्बो. टर्बो बदलला, स्वतः रिकामी गाडी फिरवून आला आणि म्हणाला एकदम ओके, दुसऱ्या दिवशी मी लोड भरला तर पहिल्याच चढाला परत तीच रड. गाडी परत नेली तर आता म्हणतो डिझेलचा पंप. पंप उतरवून ठेवलाय म्हणे आणि तेव्हापासून फोनच उचलत नाही, कधीतरी तिथला पोरगा उचलतो आणि सांगतो मिस्त्री पार्ट आणायला गेलेत. कुठला पार्ट इतके दिवस आणतात देव जाणे.

तीनदा ॲडव्हान्स दिलाय. पक्कं बिल एकाचंही नाही, व्हॉट्सॲपवर कागदाच्या चिठ्ठीचा फोटो आहे तेवढाच. जुने नोझल मागितले तर म्हणाला भंगारात गेले. इकडे हप्ते थांबत नाहीत, ड्रायव्हरला बसवून किती दिवस ठेवू, तो पण दुसरी गाडी बघतोय. मित्र म्हणतो चार माणसं घेऊन जा आणि गाडी उचलून आण. पण पंप उतरवलेली गाडी उचलून आणून काय करू? जाणकारांनी सांगा, पंपाचे पैसे देऊन एकदाचं मोकळं व्हावं का?

रात्रपाळी:
फुस्स आवाज आणि चढावर ओढ नाही म्हणताय आणि तीन महिन्यांत इंटरकूलरचे होज कोणी बघितले नाहीत?? पंपाला एक पैसा देऊ नका आधी.

नोझलवाला:
वरच्या भावाशी सहमत. माझं काम पंप-नोझलचंच आहे, बेंचवर रोज हेच करतो, म्हणजे तुमचा पंप खराब निघाला तर फायदा माझ्यासारख्याचाच, तरी सांगतो, तुम्ही लिहिलंय त्यात पंपाचं लक्षण एकही नाही. रेलला, म्हणजे पंपाकडून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या नळीला, प्रेशर नीट बनत नसेल तर गाडी बहुतेक वेळा सेल्फ मारताना त्रास देते, जास्त वेळ सेल्फ मारावा लागतो किंवा लोडमध्ये रेल प्रेशरचा फॉल्ट कोड टाकून लिम्पमध्ये, म्हणजे स्वतःहून कमी ताकदीवर, जाते. तुमची एका झटक्यात चालू होत होती.

बघा, डिझेलला ताकद हवी तर डिझेलबरोबर हवा पण तेवढीच लागते. टर्बो हवा दाबतो, ती गरम होते, इंटरकूलरमध्ये थंड होऊन इंजिनात जाते. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाईप), या वाटेत रबराचे किंवा सिलिकॉनचे होज असतात, त्यातला एखादा क्लॅम्पपाशी चिरला की रिकाम्या गाडीला काही कळत नाही कारण तेव्हा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा जोर, लागतोच कुठे, लोड आला, बूस्ट वाढला की चीर तोंड उघडते आणि फुस्स. गाडी उभी करून बघाल तर होज एकदम चांगला दिसतो, म्हणूनच चुकतात लोक. एक खूण असते, गळतीच्या जागी ऑइलचा चिकट थर आणि त्यावर धूळ बसलेली असते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत असं झालं की काळाकुट्ट धूर निघतो कारण पंप डिझेल देतच राहतो, सेन्सरवाल्या गाडीत मॅनिफोल्डचा सेन्सर सांगतो हवा कमी आहे, मग ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल कापतो, म्हणून धूर थोडाच दिसतो पण ओढ जाते. तुमचं वर्णन यात बसतंय. (बघितल्याशिवाय छातीठोक मी पण सांगणार नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी असाच आवाज येतो आणि टर्बोला जोर कमी मिळतो.)

टेस्ट सोपी आहे. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या पुढच्या होजला बूच मारायचं आणि हवा भरायची, मोठ्या गाड्यांना साधारण २ बारपर्यंत भरतात, तरी तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो धरा, मग साबणाचं पाणी मारायचं, फुगे येतील तिथे चोर. बूच मात्र नीट बांधा आणि समोर उभे राहू नका, सुटलं तर गोळीसारखं येतं. अर्ध्या तासाचं काम.

आता नोझलचं. सहाच्या सहा एकदम गेले असं क्वचित होतं, झालंच तर डिझेलात पाणी किंवा कचरा होता म्हणून, आणि मग टाकी आणि लाईन साफ केल्याशिवाय नवीन टाकून उपयोग नाही. चांगला माणूस आधी रिटर्नची, म्हणजे नोझलमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची, टेस्ट करतो, प्रत्येक नोझलच्या रिटर्नला एकेक बाटली लावायची, इंजिन चालवायचं, ज्याची बाटली लवकर भरली तो गळका. त्याने ही टेस्ट केली का विचारा. दुसरं, कॉमन रेलच्या नोझलवर प्रत्येकाचा वेगळा कोड छापलेला असतो आणि बहुतेक इंजिनात नवीन टाकला की तो कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो. तेव्हा तुमच्या ईसीएममध्ये कुठले कोड आहेत आणि प्रत्यक्ष नोझलवर कुठले आहेत हे कोणाकडून तरी वाचून घ्या. खोटं बोलला असेल तर तिथे सापडेल.

आणि पंप खरंच उतरवला असेल तर आजच्या आज जाऊन बघा की उघड्या लाईनींना आणि रेलच्या तोंडाला टोप्या लावल्यात का. इतके दिवस उघडं राहिलं आणि धूळ आत गेली तर चांगला पंप आणि नवीन नोझल दोन्ही जातील. फिल्टर कापून आत चमकी दिसते का तेही बघा. पंप आतून झिजून फुटला की लोखंडाची चमकी पुढे रेलमध्ये जाते, मग नुसता पंप बदलून भागत नाही, सगळं साफ करावं लागतं. चमकी नसेल तर 'पंप गेला' हे कशावरून, हा प्रश्न तोंडावर विचारा.

हिशेबनीस:
टेक्निकलमध्ये मला गती नाही पण ताफ्याच्या वर्कशॉपचे हिशेब बरीच वर्षं सांभाळलेत, त्यामुळे भांडणाची बाजू सांगतो.

चार माणसं घेऊन जाऊ नका. बऱ्याच देशांच्या कायद्यात दुरुस्ती करणाऱ्याला त्याच्या रास्त बिलाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवता येते, तुम्ही दांडगाई केलीत की फसवलेला माणूस तुम्ही असूनही कागदावर तुम्हीच गुन्हेगार. शिवाय आज तुम्हाला त्याचं नाक कापायचंय की गाडी रस्त्यावर आणायचीये ते आधी ठरवा, दोन्ही एका दिवशी होणार नाही. आधी गाडी बाहेर, मग पैशांचं.

उद्या एकटे जा, शांत राहा, हवं तर एक साक्षीदार न्या जो बोलणार नाही. मोबाईलने सगळीकडून फोटो काढा, मीटरचं किलोमीटर, डिझेलचा काटा, बॅटऱ्यांचे नंबर, टायरचे नंबर, स्टेपनी, जॅक, टूलबॉक्स. तीन महिने उभ्या गाडीची बॅटरी बदलली जाणं ही नवीन गोष्ट नाही. उतरवलेल्या पंपाचा नंबर दिसेल असा फोटो घ्या, नाहीतर तुमचा पंप दुसऱ्याच्या गाडीला जाईल आणि दुसऱ्याचा तुमच्या.

मग त्याला व्हॉट्सॲपवर एकच मेसेज टाका, शिवीगाळ नाही, उपकाराची भाषा नाही, फक्त तारखा. गाडी अमुक तारखेला दिली, तक्रार ही होती, अमुक दिवशी इतके पैसे दिले, तुम्ही हे हे बदललं म्हणालात, तक्रार तशीच आहे, पुढचं कोणतंही काम माझ्या लेखी होकाराशिवाय करू नका, आणि अमुक तारखेपर्यंत जुने पार्ट, नवीन पार्टची बिलं आणि पंप जोडलेली गाडी द्या. उत्तर नाही आलं तरी चालेल, तुमच्याकडून तारीख पडली हे महत्त्वाचं. फोनवर बोलणं झालं की लगेच त्याच दिवशी "आत्ता फोनवर असं ठरलं" म्हणून मेसेज टाकायचा, ही सवयच लावून घ्या.

भंगारात गेले म्हणतोय ना, जुना टर्बो आणि जुने नोझल भंगार नसतात, रीकंडिशनवाले पैसे देऊन घेतात. म्हणजे तुमचाच माल विकून त्याने खिशात घातला असेल तर ती रक्कम हिशेबात धरा. गाडी सोडवताना तो उरलेले पैसे मागेल आणि ते द्यावेच लागले तर बिलावर "हरकत नोंदवून रक्कम दिली" असं लिहून सही करा. या चार शब्दांनी पुढे तक्रार करताना फरक पडतो.

गॅरेज_माझंच:
सगळे फिटरवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. तो हरामखोरच आहे असं धरून चालू नका, माझ्या मते तो अडकलाय. ब्रेक-क्लचचा चांगला माणूस आहे तो, डिझेल सिस्टीम त्याचा प्रांत नाही, पण ओळखीच्या गिऱ्हाइकाला 'मला जमत नाही' म्हणायला जीभ उचलत नाही. मग अंदाजाने पार्ट बदलायचे, एक चुकला की दुसरा, आणि दुसरा चुकला की गिऱ्हाइकाचा फोन उचलायची हिंमत राहत नाही. मी स्वतः नवीन असताना हे केलंय, एका गाडीला लाजेपोटी महिनाभर टोलवलं होतं, त्यामुळे वास ओळखतो.

आणि मालक लोक पण काही कमी नसतात हो. टेस्टिंगची लेबर सांगितली की तोंड वाकडं, "नुसतं बघायचे पैसे कसले, काय बदलायचं ते बदल की" म्हणतात. मग बदलतो माणूस. तुम्ही त्याला स्कॅनर लावायचे, बूस्ट टेस्टचे वेगळे पैसे दिले होते का? रागावू नका, खरंच विचारतोय.

तुमच्या जागी मी असतो तर त्याला पळवाट दिली असती. "तुझा अंदाज चुकला, होतं कधीतरी, पंप जसा होता तसा बसवून दे, मी दुसऱ्याला दाखवतो, हिशेब नंतर बसून करू." कोपऱ्यात घातलात तर तो गाडी अजून खोलून ठेवेल.

हिशेबनीस:
@गॅरेज_माझंच पळवाट द्या, पण बॅटरीचे फोटो काढून झाल्यावर द्या.

एकच_गाडी:
सगळ्यांचे आभार. गॅरेज_माझंच, तुमचा प्रश्न झोंबला पण खरं आहे, त्याने पहिल्याच दिवशी स्कॅनरवाल्याला बोलवू का विचारलं होतं आणि मीच म्हणालो होतो की कशाला, तुला माहितीये की सगळं. आता बोलून काय उपयोग.

आज गेलो होतो. मिस्त्री होता, मला बघून मागच्या बाजूला गेला, मग आला. फोटो काढायला लागलो तर म्हणाला माझ्यावर विश्वास नाही का, मी म्हणालो हप्तेवाल्याला दाखवायचेत गाडी बंद आहे म्हणून. (सुचलं ऐनवेळी.) बॅटऱ्या माझ्याच आहेत. पंप एका ट्रेमध्ये फडक्यात गुंडाळून होता, लाईनींना टोप्या नव्हत्या, प्लास्टिकच्या पिशव्या रबराने बांधल्या होत्या, हे चालतं का? जुना टर्बो बाकाखाली पडलेला दिसला, तो उचलून आणला, काही बोलला नाही. रिटर्न टेस्टचं विचारलं तर म्हणाला आवाजावरून कळतं मला. पळवाटेचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. तीन दिवसांत पंप बसवून देतो म्हणालाय. बाहेर पडल्या पडल्या मेसेज टाकला, दोन निळ्या रेघा आल्यात.

नोझलवाला:
पिशव्या म्हणजे काहीच नसण्यापेक्षा बरं. बसवायच्या आधी लाईनींची तोंडं साफ करायला लावा, नवीन फिल्टर टाका आणि लाईनची हवा नीट काढा, कोरडा पंप फिरवला तर मिनिटांत घासतो, त्याला वंगण डिझेलचंच असतं. आणि चालू झाल्यावर कुठे गळती वाटली तर हाताने चाचपू नका, पोराला पण सांगा. रेलमध्ये १६०० बार आणि काही इंजिनात त्याच्याही वर प्रेशर असतं, टाचणीएवढी धार कातडीतून आत घुसते, वरून नुसता ठिपका दिसतो पण तसं झालं तर दुखायची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं. पुठ्ठा धरून बघायचं.

जुना टर्बो हातात आहे ना? आतल्या पात्याला हात लावून शाफ्ट हलवून बघा. आडवा अगदी किंचित हलणं नॉर्मल आहे, पुढे-मागे खेळ जाणवायला नको आणि पाती कडेला घासल्याची खूण नको. दोन्ही नसेल तर तुमचा टर्बो बहुतेक चांगलाच होता.

रात्रपाळी:
आमच्या एका गाडीची ओढ गेली होती तेव्हा असाच तमाशा, शेवटी निघालं काय तर युरियाच्या (धूर साफ करायला वापरतात तो) टाकीत कोणीतरी पाणी घातलेलं, ईसीएमने स्वतःहून ताकद कमी केलेली. मीटरवर दिवा लागलेला महिनाभर, आणि ड्रायव्हर म्हणजे मीच, त्यावर चिकटपट्टी लावून चालवत होतो. तुमच्या मीटरवर दिवा आहे का बघा एकदा.

एकच_गाडी:
बारा दिवसांनी लिहितोय. दिवा नव्हता.

तीन दिवसांचे सात झाले पण पंप बसला, गाडी चालू झाली, थोडे पैसे मागितले ते हरकत लिहून दिले, तो वाचून गप्प बसला. तिथून थेट डिझेलचंच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे नेली, आधीच सांगितलं टेस्टिंगचे पूर्ण पैसे घ्या, काहीही बदलू नका. हवा भरली आणि साबणाचं पाणी मारेपर्यंत थांबावंच लागलं नाही, कानाला ऐकू आलं. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज, क्लॅम्पच्या लगेच पुढे खालच्या अंगाला बोटभर चीर, वरून हात फिरवला तर लागत पण नव्हती. नवीन होज, दोन क्लॅम्प, बस. काल पूर्ण लोड घेऊन त्याच चढावर नेली, पूर्वीसारखी एकच गिअर खाली टाकून गेली. गाडीत एकटाच होतो, मोठ्याने ओरडलो.

आता दुसरा भाग. त्याच माणसाने स्कॅनर लावून कव्हर काढून कोड जुळवले. पुढचे चार नोझल नवीन आहेत पण त्यांचे कोड भरलेलेच नाहीत, ईसीएममध्ये अजून जुनेच आहेत. मागचे दोन, जिथे हात नीट जात नाही, ते जुनेच. ईसीएममधल्या कोडशी तंतोतंत जुळतात. पैसे सहाचे घेतलेत. सगळ्याचे फोटो काढले, नवीन चारचे कोड भरून घेतले.

फोटो त्याला पाठवले. पहिल्यांदाच त्याचा स्वतःहून फोन आला. म्हणाला नोझल पोराने टाकले, मला माहीत नव्हतं, दोन नोझलचे पैसे पुढच्या कामाच्या लेबरमध्ये वळते करतो. जुन्या टर्बोचा खेळ बघितला, नोझलवाला म्हणाले तसाच आहे, किंचित आडवा, बाकी काही नाही, म्हणजे नवीन टर्बो फुकटच गेला. काय करू, वळते करून घेऊ का?

हिशेबनीस:
नको. पुढचं काम म्हणजे परत गाडी त्याच्या ताब्यात. फोनवर काय कबूल केलं ते आत्ता लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि दोन नोझलचे पैसे तारीख घालून मागा. टर्बोचं वेगळं ठेवा, चुकीचा अंदाज आणि न टाकलेल्या पार्टचे पैसे घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र केलंत तर तो दुसरीला पण चूक म्हणेल. पैसे आले नाहीत तर हेच फोटो आणि मेसेज लावून ग्राहक तक्रार.

गॅरेज_माझंच:
न टाकलेल्या नोझलचे पैसे घेतले असतील तर माझं वरचं सगळं मागे घेतो. पोराच्या नावावर ढकललं ते तर अजिबात पटलं नाही.

नोझलवाला:
जुना टर्बो विकू नका, स्पेअर म्हणून ठेवा. ऑइलच्या दोन्ही भोकांना आणि चारी तोंडांना टोप्या, आत थोडं इंजिन ऑइल सोडून हाताने फिरवून ठेवा, पिशवीत बांधून कोरड्या जागी. आणि फाटक्या होजवर नवीन टर्बो धावलाय ते दिवस विसरू नका, हवा गळत असली की टर्बो बूस्ट भरून काढायला नेहमीपेक्षा जोरात फिरतो. महिन्याभराने त्याचाही खेळ बघा एकदा. मागचे दोन जुने नोझल आत्ता बदलू नका, रिटर्न टेस्ट करा आधी.

एकच_गाडी:
टेस्ट उद्या सकाळी करतोय, सहा बाटल्या जमवल्यात.